पाटावर मांडलेले नंबर

आमच्या गिरणीत एकच खोली थंड होती आणि मला तिच्यात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. एप्रिलमध्ये शेजारच्या पंच रूममध्ये, म्हणजे माझ्या कामाच्या खोलीत, पंख्याखाली घामाघूम बसायचं आणि काचेपलीकडे स्वेटर घालून हिंडणारा ऑपरेटर बघायचा, हा छळ सोलापूरकरालाच कळेल. पण माझा जीव गारव्यात अडकला होता असं कुणी समजू नये. नुसता गारवाच हवा असता तर कंबर तलावाच्या काठावर जाऊन बसले असते, तिथे कुणी अडवत नव्हतं. मला आतलं यंत्र हवं होतं.

ही सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. गिरणीच्या मुंबईच्या मुख्य कचेरीनं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना आमच्याकडे पाठवून दिला. थोरलीचं परकर-पोलकं धाकटीला यावं, तसा. तो आला तेव्हा गिरणीभर त्याचीच चर्चा होती. विणकाम खात्यातले कामगार आमची कार्डं हातात घेऊन म्हणायचे, "हे तर आमचंच. चादरीवर मोर काढायला असलेच पत्ते लागतात की." त्यांचं खरं होतं. जेकार्डच्या मागावर भोकांचे पत्ते चढवले की चादरीवर नक्षी उठते, आणि आम्हीही दिवसभर पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकंच पाडत होतो. त्यांच्या भोकांतून मोर निघायचा, आमच्या भोकांतून गोदामात रचलेल्या सुताच्या गाठींचा हिशेब.

पंच रूममध्ये आम्ही सगळ्या मुलीच होतो. मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि काम काय, तर समोरच्या कागदावरचे आकडे बघून कळा दाबायच्या. डोकं घरी ठेवून आले असते तरी चाललं असतं. बाकीच्या मुलींना त्याचं काही वाटत नव्हतं. बोटं चालू असताना त्यांच्या गप्पाही चालायच्या आणि चुकाही माझ्यापेक्षा कमी व्हायच्या. मी मात्र पहिल्या महिन्यातच कंटाळले. जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या साहेबांकडून यंत्राची इंग्रजी पुस्तकं मागून आणायला लागले. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. पन्नाशीला टेकलेले, कपाळाला बारीक गंध, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मनानं चांगले होते. अडलेलं समजावून सांगायचे, आणि सांगताना स्वतःचं जेवण विसरायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर रागावणार आहे.

ते यंत्र होतं एकच, पण त्याचे आत दोन भाग पाडलेले होते. एका भागात गोदामाचं काम चाले, दुसऱ्यात कारखान्याचं. गंमत अशी की दोन्ही भागांना वाटायचं, आपणच काय ते सगळं यंत्र. शेजारी दुसरं कुणी नांदतंय याचा पत्ता नाही. एका घरात दोन जावांच्या दोन चुली मांडाव्यात, तसा प्रकार. आणि चुली वेगळ्या म्हटल्या की भांडी वाटून द्यावी लागतात. इथली भांडी म्हणजे डिस्क. चार ड्राइव्ह होते, धुणं धुवायच्या यंत्राएवढे, ओळीनं उभे. प्रत्येकात तबकड्यांची एक चळत बसवलेली. कुठल्या कामाला कुठला ड्राइव्ह द्यायचा, हे ऑपरेटरनं दर वेळी टेबलावरच्या टाइपरायटरवर बडवून यंत्राला सांगायचं. दिवसातून कितीदा तरी. तो बिचारा टेंभुर्णीजवळच्या एका खेड्यातला, बोटं जाडजूड, टायपिंगला वैतागलेला. "ताई, ह्यापरीस नांगर बरा," असं मला काचेच्या खिडकीतून सांगायचा.

पुस्तकात वाचून मला कळलं, की हे सगळं कार्डांवर आधीच लिहून ठेवता येतं. कामाच्या गठ्ठ्याला पुढे आठ-दहा कार्डं जोडायची: ह्या कामाला चार नंबरचा ड्राइव्ह द्या, त्याला एक नंबरचा द्या. यंत्र वाचेल आणि वाटप करेल. माणसानं मध्ये बोलायचं काम नाही. मी साहेबांना म्हणाले, "मी लिहू का?"

त्यांनी पुस्तकातलं ते पान स्वतः वाचून बघितलं. मग म्हणाले, "लिहा. दसऱ्यानंतर गोदामाचं काम तुमच्या कार्डांवर चालवून बघू. नीट चाललं तर तुम्हाला आत घेतो. नाही चाललं तर मात्र पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मला ते हवं होतं. फार हवं होतं. घरी स्थळं बघणं चालू होतं आणि त्या वयात बाकी कशातच माझं मत कुणी विचारत नव्हतं. ही एकच गोष्ट होती जी माझ्या डोक्याच्या जोरावर मिळणार किंवा जाणार होती.

कार्डं लिहायला अवघड नव्हती. अडचण एकाच ठिकाणी होती. गोदामाच्या कामात गाठी नंबरवार लावायला यंत्राला एक पूर्ण मोकळी डिस्क लागे, खरडायला पाटी लागते तशी. एरवी यंत्र कुठलीही डिस्क द्यायच्या आधी तिच्यावरचं नाव वाचतं आणि जुळलं तरच देतं. मोकळीवर नाव नसायचं, त्यामुळे यंत्र थांबून ऑपरेटरला विचारत बसे. ते टाळायला "नाव न वाचता, आहे तशी कच्ची द्या" असं सांगायची सोय होती. मी साहेबांना विचारलं, "कच्ची देऊ?" ते म्हणाले, "द्या. नाही तर वेळ कुठे वाचला?" म्हणून मी लिहिलं: एक नंबर, कच्ची.

आता नंबरांचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे. ड्राइव्हला स्वतःचा नंबर नव्हता. प्रत्येकाच्या कपाळावर एक खाच होती आणि तिच्यात काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा प्लग बसे, तोंडावर आकडा असलेला. जो प्लग खोचाल तो त्या ड्राइव्हचा नंबर. यंत्राला प्लग तेवढा कळे. मुंबईहून यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअरनं आपली बॅग खिडकीपाशी ठेवली होती, म्हणून त्यानं मोजणी खिडकीकडून सुरू केली. खिडकीशी एक, दाराशी चार. एक नंबरवर मोकळी डिस्क, चारवर गोदामाची. हे वर्षभर असंच होतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी सोलापुरात हत्यारांची पूजा होत नाही असं घर नाही. माग, कात्री, वजनकाटा, सायकल, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. गिरणीत खात्याखात्यातून नारळ फुटत होते. आमच्या खोलीलाही पूजा हवीच, पण साहेबांना धसका होता. कुंकवाची पूड डिस्कमध्ये गेली तर संपलंच. नारळाचं पाणी तर खोलीच्या आसपासही नको. त्यांनी त्यावर उपाय काढला, आणि उपाय म्हणून तो नामी होता. यंत्र बंद केलं, चारही ड्राइव्हचे प्लग उपटले आणि ते पाटावर मांडले. हत्याराची पूजा करायची तर हत्याराचा नंबर पूजला तरी पोचेल, असा हिशेब. प्लगना कुंकू लावलं, फुलं वाहिली, ओवाळलं, मग ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून जागच्या जागी लावले.

फक्त जागा चुकल्या. साहेब दारात उभे होते. दारातून आत शिरताना पहिला दिसतो तो एक, मग दोन, तीन, चार. कुणीही तसंच लावलं असतं. देवापुढे मांडलेलं परत उचलताना माणूस ओळीनंच उचलतो.

मी हे पाहिलं नाही. सगळ्या मुली नव्या साड्या नेसून पूजेला आत गेल्या होत्या. वर्षातून एकदा मिळणारी संधी, कोण सोडेल. मी पंच रूममध्ये एकटी कार्डं पाडत बसले होते. सकाळी निघताना आई म्हणाली होती, "आज तिथं शिवायचं नाही कशाला. लांबूनच नमस्कार कर." मला ते चमत्कारिक वाटलं नाही. घरातही महिन्याचे ते दिवस आले की मी देवघराच्या बाजूला जात नसे. मैत्रिणीनं विचारलं, "येत नाहीस?" मी मान हलवली, ती समजली. बाहेरूनच मी काचेला नमस्कार केला आणि आतून कुणीतरी पेढा आणून माझ्या टेबलावर ठेवला.

दसऱ्याची सुट्टी संपून काम सुरू झालं. ऑपरेटर गावाहून परतला होता. माझा गठ्ठा मी खिडकीतून त्याच्या हातात दिला. त्यानं गठ्ठा भरला, बटण दाबलं. यंत्रानं कार्डं भराभर गिळली. कुणाला काही विचारलं नाही, कुठे थांबलं नाही. मी काचेला नाक लावून उभी होते आणि मला इतका आनंद झाला होता की साहेबांनी "जागेवर बसा" म्हटलेलंही ऐकू आलं नाही.

दहा मिनिटांत यंत्रानं गोदामाची सगळी डिस्क खरडून काढली. त्यानं आज्ञा पाळली होती. एक नंबर, कच्ची. एक नंबर आता दाराशी होता आणि दाराशी गोदाम होतं. पाटी पुसणं आधी होतं, चार नंबरवरचं नाव वाचणं नंतर; तिथे यंत्र थांबलं, पण तोवर उशीर झाला होता.

कुठली गाठ कुठल्या गोदामात, कुठल्या रांगेत, कुणासाठी राखलेली, हे सगळं गेलं. दिवाळीचा माल निघायचे दिवस. शहराच्या पूर्व भागातले विणकर हातगाड्या घेऊन सुतासाठी आले होते, हैदराबादकडचे ट्रक फाटकापासून रस्त्यापर्यंत उभे. गोदामाचे कारकून हातात खडू घेऊन एकेका गाठीवर वाकून नंबर वाचत होते आणि आमच्या नावानं शिमगा करत होते. जुन्या कार्डांवरून डिस्क पुन्हा भरायला आठवडा गेला. माल निघाला, पण ज्याला त्याला शिव्या खाऊन.

पहिल्याच दिवशी ऑपरेटरनं मला खिडकीशी बोलावलं. "ताई, नंबर उलटं झाल्यात की. दाराकडं चार हुता, आता एक हाय. मी टाइप करायचो तवा मान वर करून नंबर बघायचो. आता कार्डच सांगतंय म्हटल्यावर कशाला बघतो?"

"तुम्ही साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. त्ये म्हणले, बघितलंय मी."

मी सरळ साहेबांच्या टेबलाशी गेले. ते मुंबईला पाठवायचा अहवाल लिहीत होते. मी म्हणाले, "साहेब, कार्डं बरोबर आहेत. प्लग उलटे लागलेत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हातानं करत होतो तेव्हा असं कधी झालं नाही."

"कच्ची द्या असं तुम्हीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. मग काय करू? कॉम्प्युटरचे नंबर पाटावर मांडून पूजले, असं मुंबईला कळवू?" ते रागानं बोलत नव्हते. त्यांना खरंच घाम फुटला होता. "नव्या कार्डांत त्रुटी राहिली, एवढं लिहितो. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्ही शिकाऊ, तुम्हाला कोण काय करणार आहे?"

मला कुणी काही करणार नव्हतं, हे खरं. फक्त आत घेणार नव्हतं. मी तिथे रडले नाही, जागेवर येऊन दुपारभर इतक्या जोरात कळा दाबल्या की शेजारची म्हणाली, यंत्रावर कशाला राग काढतेस.

नाव नाही लिहिलं तरी मुंबईहून अधिकारी आलाच. साहेबांपेक्षा वयानं लहान, तिरकस बोलणारा, पण हुशार. त्यानं कार्डं मागवली, एकेक वाचली आणि म्हणाला, "ह्यात चूक नाही." मग तो ड्राइव्हपाशी गेला, प्लगकडे बघत राहिला. एका प्लगच्या कडेला कुंकू अडकलेलं होतं. त्यानं नखानं ते काढलं, बोट हुंगलं आणि म्हणाला, "अच्छा. पूजा."

आम्हाला सगळ्यांना साहेबांच्या खोलीत बोलावलं. साहेब, ऑपरेटर, गोदामाचे दोन कारकून आणि मी. अधिकाऱ्यानं विचारलं, "प्लग परत कुणी लावले?"

साहेब म्हणाले, "सगळेच होते. गर्दी होती. पंच रूमच्या मुली होत्या, पुसायला त्यांनीच घेतले."

"पण नंबरांचं कुणाला कळतं?"

"मला कळतं. आणि," माझ्याकडे न बघता साहेब म्हणाले, "ह्यांना कळतं."

अधिकारी माझ्याकडे वळला. "मग तुम्ही लावलेत?"

"नाही. मी आत नव्हते."

"कुठे होता?"

"पंच रूममध्ये. काम करत होते."

"खंडेनवमीला? सगळं ऑफिस पूजेला, आणि ज्या बाईला आत यायची एवढी हौस आहे ती बाहेर बसून काम करते?" तो हसला. "हे कोण मानेल?"

कारकूनही हसले. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं मी आत नव्हते; पेढा त्यांनीच पाठवला होता. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. ते टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवत होते. मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला, की जे शब्द मी घरात वडिलांसमोरही कधी उच्चारले नव्हते ते खोलीभर पुरुषांसमोर बोलून गेले.

"माझी पाळी होती," मी म्हणाले. "त्या दिवसांत पूजेला आत जात नाहीत. म्हणून मी बाहेर होते. प्लगला माझा हात लागलेला नाही. मैत्रिणींना विचारा."

एक कारकून उठून बाहेरच गेला. ऑपरेटर छताकडे बघायला लागला. अधिकाऱ्यानं चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसला.

मग साहेब म्हणाले, "प्लग मी लावले."

तीन शब्द. तेवढेच आधी बोलले असते तर मला माझे बोलावे लागले नसते. हे मी त्यांना पुढेही कधी माफ केलं नाही, आणि त्यांनी शिकवलेलं विसरलेही नाही.

अधिकारी चष्मा घालून एकदम कामाच्या बोलण्यावर आला. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं, असं त्यानं विचारलं, आणि विचारलं मला. मी सांगितलं: कच्ची म्हणून जी डिस्क द्यायची तिलाही एक नाव देऊ. यंत्र आधी नाव वाचेल, जुळलं नाही तर काम तिथेच थांबेल. थोडा वेळ जाईल. प्लग कुणीही कुठेही लावोत. तो म्हणाला, "हे आजच करा." आणि जाताना साहेबांना म्हणाला, "ह्यांना बाहेर कशाला बसवलंय?"

गिरणीतलं बोलणं माझ्या आधी घरी पोचलं होतं. वडील गॅलरीत वर्तमानपत्र धरून बसले होते, त्यांनी पान उलटलं नाही. आई स्वयंपाकघरात मला म्हणाली, "चारचौघांत असं बोलतात का गं?"

"मग काय बोलायला हवं होतं?"

ती पोळी लाटत राहिली. तव्यावर टाकली, उलटली, फुगली तशी काढली. "दुसरं काय बोलणार म्हणा," ती म्हणाली आणि मला वाढलं.

शनिवारी साहेबांनी मला बोलावलं. सोमवारपासून मशीन रूममध्ये, असं सांगितलं. मला हसावं की रडावं कळेना. मी वळले तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. ते खिशातली पेनं सारखी करत होते.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण आता तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललातच, म्हणून सांगतो. आत देवाचा फोटो आहे. महिन्यातले ते दिवस तेवढे पंच रूममध्ये बसत जा. कुणी काही विचारणार नाही."

"बरं," मी म्हणाले.

सोमवारी मी आत गेले. ड्राइव्ह, प्लग, कार्डं, दोन्ही चुली, सगळं हळूहळू माझ्या हाताखाली आलं. दर महिन्याला साहेब एखाद-दोनदा काचेतून पंच रूमकडे नजर टाकायचे, मी तिकडे बसले आहे का बघायला. एकदा धीर करून त्यांनी विचारलंसुद्धा, "बाई, ते आपलं ठरलं होतं, ते सगळं नीट चाललंय ना?"

"नीट चाललंय," मी म्हणाले आणि पुढचा गठ्ठा भरला. लग्न होऊन सोलापूर सोडेपर्यंत मी त्या खोलीत होते. पंच रूममध्ये एक दिवसही बसले नाही.